धावपळीच्या हंगामातही हात चालू राहावेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवण्यांतून हस्तकलांविषयी अधूनमधून जे लेखन प्रसिद्ध होते, ते मी आस्थेने वाचते. सूतकताई, हातमागावरील विणकाम आणि सुयांवरील विणकाम या तिन्ही कामांत मनापासून रमणारी एक वाचक म्हणून त्या लेखनातील एका गृहीताबद्दल मला काही सांगायचे आहे. निवांत वेळ असेल तेव्हाच ही कामे करावीत आणि घरात, शेतात किंवा कचेरीत कामाची घाई सुरू झाली की ती आपोआप बाजूला ठेवली जावीत, असे बहुतेक ठिकाणी धरूनच चाललेले असते. सणासुदीचे दिवस, कापणीचा काळ, मुलांच्या परीक्षा, वर्षअखेरचे हिशेब असा कोणता तरी हंगाम प्रत्येकाच्या वाट्याला येतोच आणि एक संपतो न संपतो तोच दुसरा उभा राहतो. अशा वेळी ‘हे एवढे आटोपले की बसू’ असे म्हणून गुंडाळून ठेवलेले काम अनेकदा वर्षानुवर्षे तसेच पडून राहते, लोकरीला कसर लागते आणि मागावर चढवलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, धूळ साचते. धावपळीच्या काळातही या कामांना वेळ देता येतो, किंबहुना त्या काळातच तो द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी कोणते काम केव्हा करायचे, याचा विचार हंगाम सुरू होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे.

ही कामे मुळात रिकामटेकड्या माणसांची कधीच नव्हती, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत कळपामागे चालता चालता टकळीवर, म्हणजे कताईच्या लहान फिरकीवर, लोकर कातणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद प्रदेशात एकोणिसाव्या शतकात मेंढपाळ दलदलीच्या माळरानावर उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखत आणि राखता राखता विणत असत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या स्त्रिया जळणासाठी लागणाऱ्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, टोपल्या पाठीवर घेऊन चालताना मोजे विणत. त्यासाठी कमरेला बांधायचा भोके पाडलेला चामडी पट्टा त्यांच्यापाशी असे आणि सुईचे एक टोक त्यात खोचले की दुसऱ्या हाताला मोकळीक मिळे. इंग्लंडमध्ये नाताळचे बारा दिवस संपले की 7 जानेवारीला स्त्रिया पुन्हा कताईला बसत आणि त्या दिवसाला कताईच्या काठीचेच नाव पडले होते. म्हणजे सणाच्या गडबडीनंतर नेमके कोणत्या दिवशी काम हाती घ्यायचे, हेसुद्धा तिथे ठरलेले होते. या साऱ्या उदाहरणांचे मला गोडवे गायचे नाहीत, कारण त्या लोकांना पोटासाठी हे करावे लागत होते आणि त्यात आराम फारसा नव्हता. तरीही, दिवस कामाने भरलेला असताना कताई आणि विणकाम त्यात कसे बसवता येते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्यांच्याकडे पाहायचे.

आपल्याकडेही कामाने गजबजलेल्या सार्वजनिक जीवनात कताईला जागा देण्याचा एक मोठा प्रयोग झाला आहे. 1924 च्या जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने महात्मा गांधींच्या आग्रहावरून आपल्या प्रतिनिधींकडून अशी अपेक्षा केली की, प्रत्येकाने रोज किमान अर्धा तास सूत कातावे आणि दरमहा निदान 2000 यार्ड सूत पाठवावे. महिन्याला 2000 यार्ड म्हणजे दिवसाला 67 यार्डांच्या आसपास, अर्थात साधारण 60 मीटर. सरावलेल्या हाताला चरख्यावर हे अर्ध्या तासाच्या आतच जमते. त्या ठरावाचे राजकारण आणि त्यावरून झालेले वाद हा वेगळा विषय आहे. मला त्यातली मापाची दृष्टी महत्त्वाची वाटते. सभा, प्रवास आणि पत्रव्यवहार यांत बुडालेल्या माणसांकडून मागितले गेले ते रोजचे थोडे आणि मोजता येण्याजोगे काम. गांधीजी स्वतः तुरुंगात आणि प्रवासात कातत राहिले, आणि पेटीत मिटून कुठेही नेता येईल असा जो लहान चरखा पुढे प्रचारात आला, तो येरवड्याच्या नावानेच ओळखला जातो. साधन हलवता येण्याजोगे झाले की वेळेची निम्मी अडचण सुटते, हे त्या पेटीकडे पाहून कोणालाही समजेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कताई, माग आणि सुया यांना आपण एकाच टोपलीत टाकतो, पण वेळेच्या बाबतीत या तिघांचे स्वभाव पुष्कळ वेगळे आहेत आणि ते ओळखल्याशिवाय कोणतेही वेळापत्रक टिकत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट मागाची. मागाला जागा लागते, तो उचलून नेता येत नाही आणि त्यावरचे पहिले काम अतिशय एकाग्रतेचे असते. अर्धा मीटर रुंदीचे साधे कापड विणायचे आणि दर सेंटीमीटरला 8 धागे धरायचे म्हटले, तरी ताण्यात 400 धागे येतात. हे 400 धागे एका लांबीचे मोजून घ्यायचे, क्रम न मोडता मागावर गुंडाळायचे, प्रत्येक धागा आधी त्याला वर-खाली उचलणाऱ्या फासातून ओवायचा आणि मग आडवे धागे ठोकून बसवणाऱ्या फणीच्या घरातून काढायचा. यात एक धागा चुकीच्या जागी गेला तर ती चूक कापडाच्या पहिल्या वीतेपासून शेवटच्या वीतेपर्यंत दिसत राहते. असे काम पाहुण्यांची ये-जा, फोन आणि चुलीवरचे भांडे सांभाळत करता येत नाही आणि करूही नये. धावपळीत मागावर बसायला वेळ मिळत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते ती खरे तर ताणा चढवायला वेळ मिळत नाही, अशीच असते. एकदा ताणा नीट चढलेला असला की पुढचे चित्र पार बदलते. मिनिटाला आठ आडवे धागे टाकणारा साधा हातसुद्धा पाव तासात 120 धागे टाकतो, आणि दर सेंटीमीटरला 8 धाग्यांच्या वीणीत ते सुमारे 15 सेंटीमीटर कापड होते. सकाळी सगळे उठण्यापूर्वीचा पाव तास किंवा रात्रीची आवराआवर झाल्यानंतरचा पाव तास एवढ्याला पुरेसा आहे. म्हणून माझा आग्रह असा की, हंगामाची चाहूल लागताच, त्याच्या आधीच्या पंधरवड्यात, एक लांब आणि साध्या वीणीचा ताणा मागावर चढवून ठेवावा, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, कांड्या भरून डब्यात ठेवाव्यात आणि हंगामभर फक्त तो धागा इकडून तिकडे नेणारा धोटा चालवावा. कांड्या भरण्याचे काम घरातले मूलही आनंदाने करते आणि त्याला ते करू द्यावे.

मागावरचे काम मध्येच सोडण्याचीही एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर थोडा थोडा वेळ देण्याचा फायदा निघून जातो. नक्षीचा फेरा अर्धवट सोडून उठू नये. तो पूर्ण करावा आणि पुढची कोणती पावडी पायाने दाबायची आहे ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती कापडालाच टाचून ठेवावी, कारण चार दिवसांनी परत बसताना स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे हा धाग्याचा अपमान आहे. काही दिवस बसणे होणार नसेल तर ताण्याचा ताण थोडा उतरवून ठेवावा. ताणा दिवसेंदिवस घट्ट ताणलेला राहिला की धागे लांबतात आणि पुन्हा विणायला घेताना पहिले काही धागे दाट किंवा विरळ बसतात; कापडावर त्या जागी आडवा पट्टा उमटतो आणि तो धुतल्यानेही पुरता जात नाही. परत बसल्यावर ताण पूर्ववत करून, फणीचा पहिला ठोका हलक्या हाताने देऊन आणि आधीच्या वीणीशी ताडून पाहून मगच पुढे जावे. ज्यांच्याकडे मोठ्या मागाला जागा नाही, त्यांनी कमरेला बांधून विणायचा पट्टीचा माग या काळासाठी जरूर वापरून पाहावा. त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरे स्वतःच्या कमरेला; उठायचे झाले की गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवता येते.

कताईचा स्वभाव याच्या उलट आहे. टकळी ही माणसाने हजारो वर्षांपूर्वी, नवाश्मयुगातच, हाती घेतलेली वस्तू आहे आणि ती खिशात मावते. यंत्रे येण्यापूर्वी एका विणकराला पुरेल इतके सूत कातायला कित्येक हात लागत. 1733 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन के याने झटक्याने सरकणारा धोटा काढल्यावर विणकाम वेगाने होऊ लागले, पण कताईचा वेग तोच राहिल्याने सुताची टंचाई आणखी जाणवू लागली आणि त्या टंचाईतूनच पुढे 1760 च्या दशकात जेम्स हारग्रीव्हजची एकाच वेळी अनेक धागे कातणारी ‘जेनी’ आली. याचा साधा अर्थ असा की, कापडातला सर्वाधिक वेळ पूर्वीही कताईतच जात होता. म्हणून कातायला बसण्यासाठी मोठी सलग बैठक मिळावी म्हणून थांबून राहण्यात अर्थ नाही. कताई तुकड्यातुकड्यांनीच होत आली आहे: वाट पाहताना, दूध तापेपर्यंत, मुलाचा अभ्यास घेताना. मात्र ती अशी व्हायची तर कातण्याआधीची तयारी झालेली हवी. कापूस पिंजून त्याचे पेळू, म्हणजे कातायच्या वळ्या, किंवा लोकर विंचरून तिच्या सारख्या जाडीच्या वाती, हे काम पसाऱ्याचे आहे. ते हंगामाआधीच उरकून, पेळू दाबले जाणार नाहीत अशा डब्यात भरून ठेवावेत. मग टकळी आणि चार पेळू असलेली एक लहान पिशवी दाराशी टांगलेली असली की झाले.

खंड पडल्यामुळे सूत बिघडते, अशी एक भीती नवशिक्यांना असते. तिच्यात तथ्य आहे, पण उपायही सोपा आहे. आठ दिवस हात थांबला की परत कातताना धागा नकळत जाड किंवा बारीक होऊ लागतो, कारण हाताला आपले पूर्वीचे माप आठवत नाही. म्हणून सुरुवातीलाच आपल्याला हव्या त्या जाडीच्या धाग्याचे काही वेढे एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून तो तुकडा पिशवीतच ठेवावा आणि प्रत्येक वेळी पहिला हातभर धागा त्याच्याशी लावून पाहावा. तसेच ताज्या एकेरी धाग्याचा एक तुकडा स्वतःवरच दुमडून, त्याचा आपोआप पडणारा दुहेरी पीळ तसाच राखून, तो त्या पुठ्ठ्याला बांधून ठेवावा, म्हणजे किती पीळ द्यायचा हेही समजते. याउपर दिवसादिवसांच्या सुतात थोडा फरक राहिलाच, तर दुहेरी सूत करताना सुरुवातीच्या दिवसांचा धागा शेवटच्या दिवसांच्या धाग्याबरोबर वळावा. फरक सगळ्या सुतात वाटला जातो आणि कापडात वेगळा उठून दिसत नाही. आणखी एक गोष्ट धावपळीच्या माणसाच्या बाजूने आहे: कातलेला एकेरी धागा चातीवर, म्हणजे तो ज्या काडीवर गुंडाळला जातो तिच्यावर, काही दिवस तसाच राहिला तर त्याचा पीळ शांत होतो, धागा हातात वेटोळी घेत नाही आणि पुढचे दुहेरी करण्याचे काम सोपे जाते. सूत धुतल्यावर तो पीळ पुन्हा जागा होतो, त्यामुळे नुकसान काही नाही.

सुयांवरच्या विणकामाविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण ते कुठेही नेता येते हे सर्वांना माहीत आहे. पण नेमके तिथेच कामाची निवड चुकते. जाळीची वीण, वेण्यांची गुंतागुंतीची वीण, अनेक रंगांची नक्षी हे सारे हंगामाआधी तरी करावे किंवा नंतर तरी. दमलेल्या डोळ्यांनी रात्रीच्या दिव्यात गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीवर जाळी विणायला घेणे म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पाव तास उसवण्यात घालवणे. हंगामात सुयांवर साधे सुलट-उलट काम असावे, फिक्या रंगात. पायमोज्यांचे उदाहरण घ्या. मध्यम मापाच्या मोज्याला बारीक लोकरीत गोलाकार फेरीत साधारण 64 टाके येतात. सवयीचा हात मिनिटाला पंचवीस ते तीस टाके घालतो, म्हणजे दहा मिनिटांत चार फेऱ्या होतात आणि मोजा जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. ही वाढ फार थोडी वाटते, तरी रोजच्या दहा मिनिटांत महिन्याभराने एक मोजा होतो आणि एरवी तो महिना रिकामाच गेला असता. अट एकच: ओळ अर्धवट सोडून सुया खाली ठेवू नयेत. मध्येच थांबले की सुईच्या टोकाजवळचे टाके ताणले जातात, एखादा सुटून खाली ओघळतो आणि परत आल्यावर कोणत्या दिशेला जायचे हेही कळत नाही. टाचेचा भाग, जिथे मोजावे लागते, तो सुट्टीच्या सकाळसाठी राखून ठेवावा. मोज्याच्या यंत्राची कल्पना 1589 मध्येच विल्यम ली याने प्रत्यक्षात आणली होती, असे सांगतात. म्हणजे मोजे यंत्रावर विणता येऊ लागल्याला चार शतकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही लोक विणत राहिले, याचे कारण प्रत्येक विणणाऱ्याला आपल्या हातांनीच ठाऊक आहे.

या हंगामांत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल मला तीव्रतेने लिहावेसे वाटते. हाताने विणलेली भेट सर्वांना हवी असते आणि ती मागणी नेमकी सर्वाधिक धावपळीच्या दिवसांत येते. एखाद्या नातलगासाठी स्वेटर, दुसऱ्यासाठी शाल, शेजारच्या बाळासाठी टोपडे, आणि सगळे एकाच तारखेपर्यंत. ठरलेल्या तारखेचे ओझे आले की जे काम दिवसाचा शीण हलका करते, तेच शीण वाढवते. हात आवळून धरले जातात, टाके घट्ट पडतात, मनगट आणि खांदा दुखू लागतो, आणि वस्तू पूर्ण झाली तरी ती विणल्याचे समाधान मिळत नाही. विणणाऱ्यांनी या काळात नवे वचन देऊ नये. भेट द्यायचीच असेल तर ती शांत महिन्यांत विणून ठेवलेली असावी, किंवा हंगामानंतर द्यावी. आपुलकी तारखेला बांधलेली नसते. आणि मागणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, एका स्वेटरमागे कित्येक आठवड्यांचा उरलासुरला वेळ असतो आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

याच्याच पोटात घरच्यांचा प्रश्न आहे. हातात पुस्तक असलेल्या माणसाला हाक मारताना आपण क्षणभर थांबतो, संगणकासमोर बसलेल्याला तर विचारूनच हाक मारतो. हातात सुया किंवा टकळी दिसली मात्र की ते माणूस रिकामे आहे, असे सगळे धरून चालतात आणि दहा मिनिटांत चार वेळा उठवतात. हे बहुधा घरातल्या स्त्रीच्या वाट्याला येते, कारण तिच्या हातातील काम हे करमणूक समजले जाते आणि तिची करमणूक केव्हाही थांबवता येण्याजोगी मानली जाते. धावपळीच्या काळात कोणालाच भरपूर वेळ देता येत नाही, हे मान्य आहे. पण जो पाव तास ठरला, तो सर्वांसमोर ठरलेला असावा, त्याची वेळ घरात सगळ्यांना माहीत असावी आणि त्या वेळात दाराची घंटा किंवा फोन दुसऱ्या कोणी पाहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. जे घर वर्षातल्या सर्वांत जड आठवड्यांतही एका माणसाला हे एवढे देते, तिथे पुढच्या महिन्यांत त्या माणसाला स्वतःचा वेळ चोरून घ्यावा लागत नाही.

शरीराविषयीही एक सूचना करते. दिवसभर उभे राहून किंवा टंकलेखन करून आधीच थकलेल्या मनगटांवर रात्री सलग तासभर विणकाम लादणे बरोबर नाही. दहा-पंधरा मिनिटांनी हात सोडावेत, बोटे ताणावीत, खांदे फिरवावेत. शक्य असल्यास एके दिवशी सुया, तर दुसऱ्या दिवशी टकळी असा बदल करावा, कारण दोन्हींत हाताची हालचाल वेगळी असते. दुखत असेल तर त्या दिवशी फक्त लोकरीच्या लडीचे गुंडे करावेत, चिठ्ठ्या लिहाव्यात, पेळू निवडून ठेवावेत. हेही याच कामाचा भाग आहे आणि त्या दिवशी तेवढेच केले तरी काम चालू राहिले, असे मी मानते.

संपादक महोदय, या पत्राच्या निमित्ताने आपल्याकडे एक विनंती आहे. हस्तकलेवरील पुरवणी बहुधा हंगाम ऐन भरात असताना किंवा तो सरल्यावर सुट्टीच्या दिवसांत प्रसिद्ध होते आणि तिच्यात तयार वस्तूंची देखणी छायाचित्रे असतात. तीच पुरवणी हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी यावी आणि तिच्यात ताणा कसा चढवून ठेवावा, पेळू कसे भरून ठेवावेत, काम मध्येच सोडताना कोणत्या खुणा करून ठेवाव्यात, अशा तयारीच्या गोष्टी अनुभवी विणकरांकडून आणि कातणाऱ्यांकडून लिहून घ्याव्यात. त्यात पुरुष विणकरांनाही आवर्जून लिहिते करावे. मागावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या अनेकांकडे हे ज्ञान आहे आणि ते आजवर फारसे कोणी लिहून घेतलेले नाही. असे लेखन वेळेवर हाती आले, तर पुढच्या हंगामात कित्येक घरांतले माग आणि टकळ्या बंद पडणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक